दहा कामट्यांची चांदणी

१८ डिसेंबर, बडोदा

निघायच्या दिवशी सकाळी आजोबांनी मला कंदिलाचा पातळ कागद आणायला गेंडीगेटला पिटाळलं. उत्तरायणाला अजून जवळजवळ महिना होता, पण पतंगबाजार भरायला लागला होता. "लाल दहा ताव, पिवळे दहा, पांढरे थोडे जास्तच घे. झिरमिळ्या पांढऱ्याच उठून दिसतात." कामट्या नेऊ नकोस, तिकडे बांबूला तोटा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गॅलरीत दर दिवाळीला त्यांच्या हातचा चांदणीचा आकाशकंदील लागायचा. गेली दोन वर्षं हात थरथरतो, दोऱ्याची गाठ बसत नाही, म्हणून विकतचा लागतो. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

मी घरीच मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. मनिलात नोकरी करणाऱ्या मैत्रिणीच्या ओळखीनं फिलिपिन्समधल्या एका वस्तीतल्या मुलांच्या केंद्रात दहा दिवस काम करायचं ठरलं होतं. ते अनाथालय नाही. आईवडील परदेशात नोकरीला आणि मुलं आजीकडे, अशा घरांतली मुलं शाळा सुटल्यावर तिथे येतात, जेवतात, अभ्यास करतात. पाहुण्या माणसांना तिथे मुलांना सांभाळायचं काम देत नाहीत, कारण आपण निघून जातो आणि मुलं वाट बघत बसतात. स्वयंपाक, झाडलोट, हस्तकला एवढंच आपल्या वाट्याला. हा नियम ऐकला तेव्हाच मी हो म्हटलं.

सोबत मावशी. शाळेतून निवृत्त होऊन तिला तीन वर्षं झाली. तिचा एकुलता मुलगा नऊ वर्षं टोरोंटोला आहे. दर दिवाळीच्या आधी ती फराळाचं खोकं कुरिअरनं पाठवते आणि ते पोचेपर्यंत रोज त्याचा माग काढत बसते.

निघताना आजोबांनी एकच विचारलं, "मुलं शाळेत जातात ना?" बडोद्याच्या त्यांच्या पिढीचा हा पहिला प्रश्न. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं; मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड व्हायचा. त्या दंडाच्या गोष्टी आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकत मोठे झाले.

२० डिसेंबर, सान फर्नांडो

रात्रीची गाडी, मुंबई, बँकॉक, मनिला. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. मनिलाच्या उत्तरेला सुमारे ६५ किलोमीटरवर पाम्पांगा प्रांताचं हे मुख्य शहर. वाटेत प्रत्येक दुकानावर, पेट्रोलपंपावर, जीपनी या प्रवासी गाड्यांच्या काचेत चांदण्या टांगलेल्या. इथे नाताळ सप्टेंबरपासूनच सुरू होतो. ज्या महिन्यांच्या नावात शेवटी 'बर' येतं ते सगळे नाताळाचे, असं ड्रायव्हरनं सांगितलं.

केंद्रात पाय ठेवला आणि एका मुलीनं मावशीचा उजवा हात धरून स्वतःच्या कपाळाला टेकवला. "मानो पो." मागून दुसरी, तिसरा, अशी रांगच लागली. थोरांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा, अशी इथली रीत. मावशीला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर दुसरा हात ठेवून ती "औक्षवंत हो" म्हणत गेली, बावीस वेळा.

मला मुलं 'आते' म्हणायला लागली. टागालोग भाषेत आते म्हणजे ताई. माझा भाचा मला आत्या म्हणतो, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक हाकेला मला घरचंच कोणी बोलावतंय असं वाटायचं. शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा'. समुद्रमार्गे शतकांपूर्वी आलेले संस्कृत शब्द या मुलांच्या तोंडात रुळून गेलेत.

दुपारी कोपऱ्यात भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं दिसलं. बालिकबायन बॉक्स. परदेशात काम करणारी माणसं ही खोकी महिनोन् महिने भरत राहतात: साबण, चॉकलेटं, टॉवेल, डबाबंद मांस, बूट. मग जहाजानं घरी पाठवतात. नाताळाला पोचावं म्हणून दोन-तीन महिने आधी. हे खोकं दुबईहून आलं होतं. उघडताच दोन वेण्यांची एक मुलगी वाकली आणि तिनं आधी खोक्यात तोंड घालून वास घेतला. केंद्र चालवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, सगळीच मुलं असं करतात.

मावशी उठून बाहेर गेली. आमच्याकडे खोकं घरून मुलाकडे जातं, इथे आईकडून मुलांकडे येतं. टोरोंटोला तो खोकं उघडतो तेव्हा आधी काय करतो, हे तिनं त्याला कधी विचारलं नव्हतं, असं रात्री मला म्हणाली.

२१ डिसेंबर

पहाटे साडेतीनला उठलो. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ पहाटा चर्चमध्ये मिस्सा असते, तिला सिंबांग गाबी म्हणतात. स्पॅनिश काळात शेतकऱ्यांना उजाडायच्या आत शेतावर जावं लागे, म्हणून प्रार्थनेची वेळ पहाटेची ठेवली, ती आजही चालू आहे. काळोखात वाट दिसावी म्हणून हातात कंदील धरायचे. त्या कंदिलाचं नाव पारोल, स्पॅनिश 'फारोल' या शब्दावरून.

चर्च भरून माणसं बाहेर पायऱ्यांवर उभी होती. आम्ही मागे उभ्या राहिलो. काकडआरतीला विठ्ठलमंदिरात थंडीत गर्दी होते तशीच ही गर्दी: डोक्यावरून शाल घेतलेल्या आज्या, डोळे चोळणारी पोरं, कुशीत झोपलेलं एखादं तान्हं. नऊच्या नऊ पहाटा पुऱ्या केल्या तर मनातली इच्छा पूर्ण होते असं मानतात. दोन वेण्यांची मुलगी आजीसोबत सहाव्या दिवशी हजर होती. काय मागितलंस, म्हणून विचारल्यावर तिनं ओठ घट्ट मिटले. तिची आई रियाधला एका घरी कामाला आहे.

बाहेर निखाऱ्यांचा उजेड. बिबिंग्का म्हणजे तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधाचा केक. मातीच्या खापरात केळीचं पान, त्यावर पीठ, आणि खाली निखारे तसेच वरच्या झाकणावरही निखारे. मावशी त्या बाईच्या शेजारी उकिडवी बसली आणि उठेचना. तिच्या लहानपणी बडोद्याला शेजारच्या गुजराती घरात हांडवो असाच वर-खाली विस्तव ठेवून होत असे. दुसऱ्या हातगाडीवर बांबूच्या नळ्यांत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग होता: चिकट तांदूळ, वरून लोणी, खवलेलं खोबरं आणि काळसर साखर. खाल्ल्यावर मोदकाच्या सारणाची आठवण आली. सोबत आल्याचा गरम काढा, सालाबात. बिबिंग्कात अंडं असतं म्हणून मावशीनं तो नुसता हुंगला आणि पुतो बुंबोंग दोनदा घेतला.

दहा वाजता पारोल करायला बसलो. आजोबांचे ताव मी टेबलावर पसरले आणि एकदम कालवा झाला. इथे वापरतात तो 'पापेल दे हापोन' तस्साच पातळ, तसाच कुरकुरीत, पण आमच्या लाल रंगावर पोरं भाळली.

मला वाटलं होतं, मी शिकवेन. दहा कामट्या घेतल्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या विणल्या. एक कामटी वरून, पुढची खालून. दुसऱ्या चांदणीत माझा क्रम चुकला आणि ती चांगलीच वाकली. समोर नऊ-दहा वर्षांचा, पुढचा दात पडलेला एक मुलगा बसला होता. त्यानं काही न बोलता ती माझ्याकडून घेतली, दोन कामट्या सोडवल्या, उलट्या ओवल्या. चांदणी सपाट बसली. मग दोन्ही चांदण्या एकावर एक ठेवून पाच टोकं बांधली आणि मधल्या पाच कोपऱ्यांत चार-चार बोटं लांबीच्या खुंट्या दाबून बसवल्या. चांदणीला पोट सुटलं. आजोबांची रीत अगदी हीच. दहा कामट्या, पाच खुंट्या. इथे चिकटवायला कॉर्नस्टार्च शिजवून केलेली खळ असते, तिला गाउगाउ म्हणतात, आमच्याकडे मैद्याची.

फरक एकच. दोऱ्याऐवजी तो मुलगा प्रत्येक सांध्याला रबरबँड गुंडाळत होता. तीन वेढे, एक पीळ, झालं.

मी आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. इथे बारा वाजले होते, बडोद्यात साडेनऊ. त्यांनी चष्मा काढून फोन नाकाशी धरला. "विणलंय छान कोणी?" मी मुलाकडे फोन वळवला. "शाबास," आजोबा मराठीतच म्हणाले. मग सांधा बघितला. "रबर? रबर उन्हात सडतो, त्याला सांग. दोराच बांधायचा." मी सांगितलं. मुलानं विचार करून उत्तर दिलं की सडला तर दुसरा घालायचा, पुढच्या वर्षी नाहीतरी नवा कागद लावायचाच असतो. मी ते आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग फोन ठेवला.

२२ डिसेंबर

सान फर्नांडोचे राक्षसी कंदील बघायला मुलांना घेऊन गेलो. दरवर्षी नाताळाआधी इथे 'लिग्लिगान पारूल' ही कंदिलांची स्पर्धा होते. एकेक कंदील सुमारे २० फूट उंच, त्यात हजारो दिवे, आणि बँडच्या तालावर त्या दिव्यांची फुलं उमलतात, चक्रं फिरतात, पुन्हा मिटतात. स्पर्धा होऊन गेली होती, तरी कंदील मांडून ठेवले होते.

मी मात्र कंदिलाच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथे एक लोखंडी पिंप आडवं बसवलेलं. पिंपाला टेकून ओळीनं केसांच्या पिना, आणि प्रत्येक पिनेतून दिव्यांच्या एका माळेची वायर निघालेली. पिंपावर जिथे चिकटपट्टी लावलेली तिथे पीन आली की वीज तुटते, माळ विझते. उघड्या पत्र्यावर आली की पेटते. म्हणजे पुढे दिसणारं सगळं नृत्य मागे चिकटपट्टीच्या तुकड्यांत आखून ठेवलेलं. पिंप फिरवणारा माणूस गाणं ऐकत हातानं त्याचा वेग कमी-जास्त करतो. कलाशाळेत रचना शिकले, शिकवते, पण एवढ्या साध्या सामानात एवढी अचूक रचना मी पाहिली नव्हती. वही काढून चित्र काढत बसले. एक आजोबा वायरी बांधत होते. त्यांनी एक पीन काढून माझ्या वहीत खोचून दिली.

२३ डिसेंबर, बाकोलोर

अर्धा दिवस. शेजारचंच गाव. १५ जून १९९१ ला पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं पावसाबरोबर डोंगरावरची राख चिखल होऊन खाली येत राहिली. १९९५ मध्ये त्या चिखलानं बाकोलोर गाडलं गेलं. सान गियेर्मो चर्च जवळजवळ अर्ध्या उंचीपर्यंत पुरलं आहे. पूर्वीच्या खिडक्यांतून आता माणसं आत जातात.

एके काळी पाम्पांगाची राजधानी इथे होती, आणि मोठ्या कंदिलांची परंपराही इथलीच; १९०४ मध्ये राजधानी सान फर्नांडोला गेली, तिच्यासोबत कंदीलही गेले. केंद्रातल्या एका आजीचं माहेर हे गाव. ती खिडकीतून आत शिरली, वाकून जमिनीला हात लावला आणि म्हणाली, माझं लग्न याच्याही खाली झालंय. मी पुढे काही विचारलं नाही.

२४ डिसेंबर

सकाळपासून स्वयंपाकघर मावशीच्या ताब्यात. बडोद्याहून वेलदोडे आणले होते. खोबरं आणि इथली काळसर कच्ची साखर बाजारातून. करंज्या करायच्या होत्या. मुलांनी पहिली करंजी पाहिली आणि एकसाथ ओरडली, "एम्पानाडा!" इथे तसाच आकार असतो, आत बहुधा खिमा. कडेला घालायची मुरडही त्यांना येत होती. दोन वेण्यांच्या मुलीची मुरड मावशीहून बारीक. मावशीनं तिची करंजी तळहातावर घेऊन किती तरी वेळ पाहिली.

आमच्याकडे गौरी जाताना मुरडीचा कानवला करतात. गेलेली मुरडून परत यावी म्हणून. मुलगा टोरोंटोला गेला तेव्हा मावशीनं विमानतळावर डब्यात कानवले दिले होते. ती हे मला मराठीत सांगत होती. मुलीनं मला विचारलं, लोला, म्हणजे आजी, काय म्हणते? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मुलीनं ऐकलं, आणि पुढची करंजी आणखी सावकाश, आणखी जवळजवळ मुरड घालत केली. ती तिनं ताटात न ठेवता एका वाटीत वेगळी झाकून ठेवली.

संध्याकाळी वस्तीत पोरांची टोळी घरोघर. पाण्याचे डबे उलटे धरून ढोल, आणि सोड्याच्या बाटल्यांची झाकणं ठोकून तारेत ओवलेली खंजिरी. "नामामास्को पो!" दारात गाणं म्हणायचं, नाणी मिळाली की धन्यवादाचं गाणं म्हणत पुढच्या दारात पळायचं. भोंडल्याच्या खिरापतीसाठी दांडिया बाजारातल्या एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात पळणाऱ्या आम्ही मुली मला आठवलो.

रात्री लुबेनास. सोळा तारखेपासून चालू असलेल्या मिरवणुकीची ही शेवटची रात्र. पुढे बांबूच्या काठीवर माशाच्या आकाराचा कंदील, मागे दोन रांगांत चांदण्या, मध्ये फुलांनी सजवलेली मूर्ती. आमच्या मुलांच्या हातात गेंडीगेटचा लाल कागद पेटला होता. वारा सुटला होता आणि प्रत्येक जण एका हाताचा आडोसा करून चालत होता. दात पडलेल्या मुलाच्या पारोलचा एक सांधा सुटला. त्यानं मनगटावरचा रबरबँड काढून चालता चालता गुंडाळला, रांग न मोडता.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर नोचे बुएना, घरोघरी रात्रीचं जेवण. केंद्राच्या अंगणात टेबलं जोडली: लाल मेणात गुंडाळलेला गोल चीज 'केसो दे बोला', हॅम, गोडसर स्पॅगेटी, शेवया, फळांचं सॅलड, आणि आमच्या करंज्या. पण जेवायला कोणी बसेना. सगळ्यांचे डोळे फोनवर. इथे मध्यरात्र म्हणजे दुबईत रात्रीचे आठ, रियाधला सात. बारा वाजून गेले आणि एकेक फोन वाजायला लागला. अंगणाचे कोपरे वाटून घेतल्यासारखी मुलं पांगली. प्रत्येक कोपऱ्यात एक उजळलेला चेहरा आणि त्या चेहऱ्याकडे बघणारी एक आजी.

दोन वेण्यांच्या मुलीचा फोन एकला आला. मालकांकडे पाहुणे होते, आईला आत्ताच मोकळीक मिळाली. मुलगी वाटी घेऊन पळत आली. करंजी कॅमेऱ्यासमोर धरून तिनं मुरड दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटानं. काय सांगितलं ते मला कळलं नाही. आई स्क्रीनवर पदरासारखा रुमाल तोंडाला लावून ऐकत होती.

मावशी एका खुर्चीवर बसून होती. टोरोंटोला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तिनं फोन लावला आणि पहिलंच विचारलं, "दिवाळीचं खोकं उघडलंस तेव्हा आधी काय केलंस रे?" पलीकडून काय उत्तर आलं, ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२५ डिसेंबर

सकाळी नवे कपडे, आणि आग्विनाल्दो. बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले आईबाप, निनोंग आणि निनांग, यांच्याकडे जाऊन मुलं हात कपाळाला लावतात आणि करकरीत नव्या नोटा घेतात. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, बेसतू वर्षाला म्हणजे गुजराती नववर्षाला, बडोद्यात आम्ही सगळ्या सोसायटीत पाया पडत नव्या नोटा गोळा करायचो, तशीच ही गर्दी. मावशीनं काल बँकेतून कोऱ्या नोटा आणून ठेवल्या होत्या. मी ही गोष्ट विसरले होते. ती विसरली नव्हती.

लहानपणी बडोद्याला नाताळाच्या संध्याकाळी आजोबा मला फतेगंजला नेत, चर्चमधला गव्हाणीचा देखावा दाखवायला. गवत, मेंढ्या, बाळ. तेव्हा मला तो देखावाच नाताळ वाटायचा. आज इथेही गव्हाण होती, पण मुलं तिच्यासमोर थांबून बाळाच्या पायाला हात लावून पुढे पळत होती, घरात आलेल्या तान्ह्याला लावावा तसा.

२६ ते २८ डिसेंबर

भांडी, झाडलोट, वर्ग रंगवणं. भिंतीवर मुलांबरोबर मोठं झाड काढलं. निघताना कोणालाही "परत येईन" म्हणायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. मी म्हटलं नाही. दात पडलेल्या मुलानं मला मूठभर रबरबँड दिले, लाल आणि पिवळे.

३० डिसेंबर, बडोदा

सकाळी घरी पोचले. गॅलरीत आजोबा उन्हाला बसले होते. शेजारी स्टुलावर कात्री, मैद्याची खळ गार होत ठेवलेली, आणि तासलेल्या कामट्या. मोजल्या, दहा. त्या त्यांनी कधी आणवल्या ते आईलाही ठाऊक नव्हतं.

"आता कुठली दिवाळी?" आई म्हणाली.

"उत्तरायणाला पतंगाच्या दोरीवर तुक्कल, कागदी कंदील, सोडतात ना रात्री, तेव्हा खाली घरात पण दिवा हवा," आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे हात पसरला. "दे ते रबर."

विणायला मी मदत केली. सांध्यांना त्यांनी स्वतः रबर गुंडाळले. हात थरथरत होता, पण रबर निसटत नव्हता. तीन वेढे, एक पीळ. अधूनमधून ते सांधा ओढून बघत आणि मान हलवत. चार खुंट्या बसल्या. पाचवी मी उचलली, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला.